झाकण न उघडलेले एकवीस दिवस

मी एक भिंग बोलतोय. चष्म्यातलं नव्हे, घड्याळजींचं. काळ्या नळीत बसवलेलं, डोळ्याच्या खोबणीत धरायचं. कारखान्यात मला घासूनपुसून तयार केलं, तेव्हा नशिबात काय वाढून ठेवलंय ते कुठे ठाऊक होतं? छत्तीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा आणि मोहरीएवढे स्क्रू पाहिले. घड्याळजींचं शास्त्र सोपं होतं. बंद पडलं की झाकण उघडायचं.

मग त्यांचा हात थरथरू लागला. दुकान पुतण्याने घेतलं. मी कपाटाच्या खणात वाळलेल्या पेनांशेजारी पडलो आणि घड्याळजी खुर्चीत.

बाईंना ते बघवेना. बाई म्हणजे त्यांची बायको, प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी आपल्या भावाकडून मधमाश्यांची एक पेटी आणवून गच्चीवर ठेवली. माझ्या नळीला दोरी बांधून मला नवऱ्याच्या गळ्यात घातलं. "घ्या, आता ही चालवा," म्हणाल्या.

घड्याळजींना पेटीचा लळा लागला. माश्या पायांना पिवळे परागाचे गोळे लावून यायच्या, आणि मी ते त्यांना मोठे करून दाखवायचो. दोघांचेही दिवस पालटले.

आणि एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पेटी उतू गेली. दुधासारखी. हजारो माश्या दारातून बाहेर सांडल्या, आभाळात गरगरल्या आणि शेजारच्या झाडाच्या फांदीवर दाढीसारख्या लोंबकळल्या. घड्याळजी मटकन खाली बसले. "माझ्या हातून बिघडलं," एवढंच म्हणाले.

मेव्हणे टोपली घेऊन आले. फांदी एकदाच झटकून त्यांनी अख्खा थवा टोपलीत उतरवला. "भावजी, बिघडलं नाही, संसार वाढलाय," ते म्हणाले. "म्हातारी राणी निम्म्या माश्या घेऊन निघाली. नवीसाठी भरलं घर मागे ठेवलंय तिने. तिचा थवा मी नेतो."

त्यांनी पेटीतली पोळ्याची एक चौकट उचलून दाखवली. खाली भुईमुगाच्या शेंगेसारखं एक घर लोंबत होतं. "यातून आठवड्याभरात नवी राणी निघेल. थोडी पक्की झाली की ऊन बघून उडेल, उंचावर नरांशी मिलन होईल, मग परत येऊन अंडी घालेल. जाताना ती घराची खूण लक्षात ठेवते. एकवीस दिवस पेटी हलवायची नाही, उघडायची नाही."

झाकण उघडायचं नाही, हे कुणाला सांगितलं तर घड्याळजींना. दहाव्या दिवशी त्यांचा हात झाकणावर गेलाच.

"अहो," मागून बाई म्हणाल्या, "कळा सुरू झालेल्या बाईचं पोट आम्ही दर पाच मिनिटांनी उघडून बघायचो का?"

हात मागे आला.

चौदाव्या दिवशी दुपारी वारा पडला होता. पेटीच्या दारात एक लांबट, सडपातळ माशी आली. तिने दाराकडे तोंड करून हवेत दोन-चार घिरट्या घेतल्या, घर नीट पाहून घेतलं आणि निघून गेली. "गेली," घड्याळजी पुटपुटले. वाट पाहता पाहता त्यांना डुलकी लागली. मी छातीवर जागा होतो, पण भिंगाला हाक मारता येत नाही.

तेवढ्यात बाई बादली घेऊन आल्या आणि ओली चादर नेमकी पेटीसमोरच्या दोरीवर वाळत घातली. जन्मभर दुसऱ्यांना सावध करणाऱ्या बाई, पण धुणं दिसलं की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

घड्याळजी जागे झाले तेव्हा राणी परतली होती. तिला घर सापडत नव्हतं. दोन फेऱ्या मारून ती दमून चादरीवर टेकली. वर तारेवर माश्या टिपणारा एक पक्षी बसला होता.

"हलू नका," घड्याळजी हळूच म्हणाले. बाई बादली धरून जागच्या जागी थांबल्या. ते गुडघ्यांवर सरकत चादरीजवळ गेले आणि मला डोळ्याला लावलं. राणीच्या शेपटाशी एक बारीकसा पांढरा धागा चिकटला होता. तशी खूण असली तर मिलन झालं समजा, असं मेव्हण्यांनी सांगितलं होतं.

"लग्न लावून आलीय," ते म्हणाले. "तुम्ही तिकडचा चिमटा काढा. मी इकडचा काढतो."

झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी दोघांनी चादर उतरवली. पेटीचं दार मोकळं झालं. राणी उडाली, एक गिरकी घेतली आणि थेट आत शिरली. बाई तिथेच ओल्या चादरीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. घड्याळजीही हसू लागले; त्यांना इतकं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. मेणाच्या घरांच्या तळाशी मी पाहिलं. घराघरात एकेक पांढरं अंडं, सुईच्या टोकासारखं, उभं. घड्याळजी चौकट धरून तसेच वाकून राहिले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"चालू झालंय," ते म्हणाले, आणि मला बाईंच्या डोळ्याला लावलं.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. "सगळी सुखरूप आहेत," असं त्यांनी वॉर्डातल्या आवाजात सांगितलं.

आता माझ्या कडेला मेण चिकटलंय, काचेवर ओरखडाही आलाय. पण खणात परत जायला मला सवड नाही. तुम्ही नव्याने पेटी ठेवली असेल आणि एका सकाळी ती उतू गेली, तर कपाळाला हात लावू नका. दारासमोरची जागा मोकळी ठेवा, धुणं दुसरीकडे घाला, आणि झाकणावरचा हात काढून घ्या. ती येईल. आज पुन्हा ऊन छान पडलंय, आणि जिन्यावर दोघांची पावलं वाजताहेत.