खुंटीची उंची

हाताच्या चाचणीला निघताना मी धाकट्याला फोनवर बजावलं होतं, "सोमवारपासून मी कामावर. मोठी काच माझ्यासोबतच उचलायची." आम्ही दोघे भाऊ दुकानांना, खिडक्यांना काचा बसवतो. मोठी काच दोघांनी उचलायची असते, एक या कडेला, एक त्या कडेला. एकाचा हात सुटला तर दुसऱ्याच्या अंगावर काय येईल, हे आम्हाला कुणी सांगायला नको. अर्धांगवायूच्या झटक्यात माझा उजवा हात गेला, तेव्हापासून धाकट्याने मोठ्या काचेला हात लावलेला नाही. परक्या माणसाबरोबर उचलणार नाही म्हणतो. हट्टी आहे, ते आमच्या घराण्यातच आहे.

पण हात सुधारत होता. आधी चहाचा कपसुद्धा परगावी ठेवल्यासारखा वाटायचा. हळूहळू कप हाताला यायला लागला, मग मिठाची बरणी, आणि गेल्या आठवड्यात तर बाथरूमबाहेरच्या खुंटीवर मी माझा टॉवेल टांगला. मला आकाश ठेंगणं झालं. बायको दारात उभी होती, तिने डोळे पुसले. आनंदाने, असं मला वाटलं.

चाचणीच्या खोलीत भिंतींना चहूबाजूंनी कॅमेरे होते. तिथल्या थेरपिस्ट मॅडमनी मला शर्ट काढायला लावून खांद्यावर, कोपरावर, मनगटावर, बोटांवर, छातीवर वाटाण्याएवढे चकाकते मणी चिकटवले.

"लग्नातसुद्धा एवढा नटलो नव्हतो," मी म्हणालो. मॅडम हसल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली बायको हसली नाही.

टेबलावर पेला होता. तो उचलायचा, ओठांना लावायचा आणि परत ठेवायचा. मी रुबाबात ते केलं.

"आता इकडे बघा, काका."

स्क्रीनवर नुसते ठिपके होते आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. तो रेघांचा माणूस पेल्याकडे निघाला. मॅडमनी कोपराच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "कोपर इथे अर्ध्यावर थांबतंय. पुढचं अंतर तुम्ही छाती पुढे नेऊन भागवताय."

"पेला उचलल्याशी मतलब."

"पाणी प्यायला चालेल हो. पण काच धरून असे पुढे झुकलात तर?" त्यांनी माझी जुनी फाइल उघडली. "मागच्या वेळी पट्टीने मापलं तेव्हाही कोपर इथवरच आलं होतं, काका. वाढ नाही."

माझा पारा चढला. "तुमच्या यंत्रात बिघाड आहे! घरी मी खुंटीवर टॉवेल टांगतो. मीच ठोकलीय ती, हात पूर्ण वर केल्याशिवाय पोचत नाही."

"किती उंच आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

जन्मभर लोकांच्या खिडक्या मापल्या, स्वतःच्या घरातली खुंटी कधी मापली नव्हती. कोपऱ्यात बायको पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

घरी आल्या आल्या मी टेप काढला, पण त्याची गरजच पडली नाही. खुंटी माझ्या छातीशी होती. टॉवेल टांगताना मी फक्त हाताकडे बघत होतो, भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. खुंटीच्या वर एक बुजवलेलं भोक होतं आणि त्याच्याही वर, माझ्या डोक्यापलीकडे, आणखी एक. काचेच्या कडा भरायची माझ्याच डब्यातली पुट्टी, आणि तिच्यात बायकोच्या अंगठ्याचा ठसा.

"आणि मिठाची बरणी?"

"फळीवरून ओट्यावर आणली," ती म्हणाली. "कप रोज थोडा अलीकडे ठेवत गेले. तुम्ही ताटावरून उठून जायचात. टॉवेल पडला की तिथेच उभे राहायचात, भिंतीकडे तोंड करून. मला बघवेना हो."

"अगं, सोमवारी मी काच उचलली असती! समोर धाकटा असता!"

"म्हणून तर ही चाचणी मीच डॉक्टरांकडे मागितली. मला तुम्हाला सांगवेना. म्हटलं, यंत्र सांगेल."

मला तिचा भयंकर राग आला. त्याहून जास्त माझी कीव आली, आणि खरं सांगायचं तर तिचीही. मी धाकट्याला फोन केला. "सोमवारी नाही जमायचं." तो म्हणाला, "बरं. काच थांबेल, दादा."

मी हातोडी काढली. "खुंटी होती तिथे लाव."

"आजच?"

"आजच."

तिने सगळ्यात वरची पुट्टी खरवडून काढली आणि स्टुलावर चढून खुंटी ठोकली. ती खाली उतरल्यावर मी तिचा तळहात माझ्या छातीवर ठेवला. "छाती पुढे आली तर दाबून धरायची. दया दाखवायची नाही."

मी टॉवेल घेऊन हात वर नेला. कोपर अर्ध्यावर थांबलं, स्क्रीनवर थांबलं होतं अगदी तिथेच. छाती पुढे सरकायला लागली, तशी तिने ती दाबून धरली. खुंटी वर तशीच राहिली आणि टॉवेल खाली पडला.

सवयीने तिचा दुसरा हात तो उचलायला गेला. मग तिने तो मागे घेतला, आणि मी वाकून टॉवेल उचलेपर्यंत ती रडत नुसती उभी राहिली.