प्रॉसरचं प्रार्थनागीत

शालिनीनं कीबोर्डवरून हात काढले, तरी म्हातारा गातच राहिला. वसाहतीच्या रिकाम्या हॉलमध्ये त्याचा वरचा सूर चढला, टिकला आणि सावकाश उतरला.

"इथं तर तुमची कवळी निसटते ना, सर?" तिनं विचारलं. त्याच्या जुन्या कार्यक्रमाची सीडी पाहून तिनं तयारी केली होती; त्यात याच सुरावर कवळी निसटायची आणि लोक हसून लोळायचे.

"चाळीस वर्षं निसटतेय," प्रॉसर खुर्चीत टेकत म्हणाला. "आज नाही. माझ्या आईचं प्रार्थनागीत आहे हे. एकदा नीट म्हणतो आणि घरी जातो. तुमच्याशिवाय कुणाला कळू देऊ नका."

वेल्सचा हा विनोदी गवई एके काळी टीव्हीवर गाजलेला. आता आखातातल्या गोऱ्या साहेबांच्या वसाहती फिरत होता, आणि रियाधचा कार्यक्रम शेवटचा. त्याच्या पियानोवाल्याचा व्हिसा अडकला, म्हणून इथल्या मुलांना पियानो शिकवणाऱ्या शालिनीला बोलावणं आलं. नवऱ्यानं शहरातल्या अल मलाझ भागातून गाडीनं आणून सोडलं, फाटकावर दोनदा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवून. म्हाताऱ्याचे सुजलेले पाय पाहून तिचा जीव कळवळला.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. लोक पोट धरधरून हसले. मग गाणं सुरू झालं, आणि पहिल्याच ओळीला पुढच्या रांगेतल्या बाईनं हसू आवरायला तोंडाला रुमाल लावला. कवळी आता निसटेल, मग निसटेल, म्हणून सगळे टपून बसलेले.

वरचा सूर लागला, अगदी स्वच्छ. कवळी जागच्या जागी. म्हाताऱ्याचा तो गंभीर चेहराच लोकांना नवा विनोद वाटला. कुणी मांड्यांवर थापा मारू लागलं, कुणी डोळे पुसू लागलं. हसू जांभईसारखं असतं, एकाचं दुसऱ्याला लागतं. शालिनीनं ओठ दाबले, मान खाली घातली. पण खांदे हलायला लागले, एक सूर चुकला आणि फिसकन हसू फुटलंच.

नेमकं तेव्हाच प्रॉसरनं वळून पाहिलं. गाणं मात्र त्यानं शेवटपर्यंत म्हटलं.

"काय युक्ती काढलीत हो! चक्क सरळच गायचं!" विंगेत कार्यक्रमाचा मॅनेजर खुशीत हात चोळत होता.

तो गेल्यावर शालिनी पुढे झाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"सर, मी... मला खरंच हसायचं नव्हतं."

प्रॉसरनं टाय सैल केला, खुर्ची शोधली, पण बसला नाही. बाहेर 'वन्स मोअर' चालू होतं.

"काय वाजवू?" तिनं हळूच विचारलं.

"तेच," तो म्हणाला. "आणि या वेळी खुशाल हसा. हसू दाबलंत की तुमचा हात चुकतो."