गोलूचा डावा पाय

जनावर लंगडत असेल तर त्याला आधी हात लावायचा नाही, हा जगदेवचा नियम. आधी ते चालवून पाहायचं. मालकाला सांगायचं, दोर ढिला सोड आणि ने त्याला त्या बाभळीपर्यंत. मग आपण उकिडवं बसायचं आणि पायांकडे नाही, मानेकडे पाहायचं. पुढचा दुखरा पाय जमिनीला लागला की बैल मान वर उचलतो. तेवढं दिसलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं बोटांचं, दाभणाचं आणि बिब्याचं.

अनसिंगपासून दोन कोसांवरच्या त्या गावात चाळीस वर्षं लोक लंगडं जनावर घेऊन जगदेवच्याच अंगणात येत. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, पण जगदेवचा रुबाब काही कमी झाला नाही. जुन्या बैलांच्या गोष्टी तो रंगवून सांगायचा आणि दरवेळी त्या गोष्टीतला बैल आधीपेक्षा चार बोटं उंच व्हायचा. बायको गोजराबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा हरीओम पुण्याला कंपनीत. सून ज्योत्स्ना कामाची बाई, तिला बैलांत रस नव्हता. ऐकणारी राहिली होती एकटी नात, वर्षाराणी. चौथीत होती. आबांच्या हाताला गुण आहे, हे ती वर्गातल्या मुलींना शपथेवर सांगायची, आणि खरं सांगायचं तर म्हातारा आता त्या एवढ्याशा विश्वासावरच ताठ चालत होता.

दिवाळीला हरीओमनं तिला वाशीमच्या दुकानातून पांढरा ससा आणून दिला. तिनं त्याचं नाव ठेवलं गोलू. त्याला पिंजरा केला तो जगदेवनं. कुंपणाची उरलेली लोखंडी जाळी होती, तीच त्यानं चारी बाजूंनी आणि खालूनही बांधून घेतली. लेंड्या खाली गळून पडतात, झाडायची कटकट नाही, म्हणून तो पिंजरा त्यानं अर्ध्या गावाला दाखवला.

पौषात, एका रविवारी सकाळी, वर्षाराणी सशाला छातीशी धरून ओट्यावर आली.

"आबा, गोलू पाय टेकवून नाही राह्यला."

"कोनता?"

"मांगचा. डावा."

"सोड त्याले खाली. पाहू दे मले."

सोडलं. ससा दोन उड्या मारून बसला. जगदेव उकिडवा बसून मानेकडे पाहत राहिला. मानेवरून काही कळेना. हे जनावर चालतच नव्हतं, मागचे दोन्ही पाय एकदम टाकून उडी मारत होतं आणि थांबलं की डावा पाय तेवढा अंगाखाली ओढून घेत होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला चालीवरून काही वाचता आलं नाही. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. तिथेच तो म्हणाला असता, की बाई, हे मला कळत नाही, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नात तोंडाकडे पाहत होती.

त्यानं पाय हातात घेतला. हाड शाबूत होतं, सांधा वळत होता. टाचेजवळ मात्र केस झडून गेले होते आणि कातडीवर रुपयाएवढा लाल, कडक चट्टा पडला होता. मधोमध थोडी खपली. जगदेवनं अंगठ्यानं दाबलं तसा ससा थरथरला.

"कुरूप झालं हाय," तो म्हणाला. "काटा भरला असन अंदर. बिबा घातला का संपलं."

ज्योत्स्ना अंगण सारवत होती, ती हात तसेच ठेवून उठली.

"मामाजी, वाशीमले जनावराची डॉक्टर हाय म्हनतेत, कुत्र्या-मांजराची. तिथं नेऊन आनू ना. जीव लहान हाय."

"अवं, तिनं कधी ससा पाह्यला असन का? आपल्यालेच इचारीन, हे काय आनलं म्हनून." म्हातारा हसला. "राणी, तूच सांग. डॉक्टर का आबा?"

हे त्यानं विचारायला नको होतं. नऊ वर्षांच्या पोरीला असं विचारतात का? पण माणसाला आपलं कौतुक पोरासोरांच्या तोंडूनही ऐकायला आवडतं.

"आबा," वर्षाराणी म्हणाली.

त्यानं चुलीत दाभण तापवलं, बिब्यात टोचलं, काळं तेल टोकावर आलं. "धर त्याले घट्ट," तो म्हणाला. पोरीनं दोन्ही हातांनी सशाला मांडीवर दाबून धरलं आणि डोळे मिटून घेतले. दाभण चट्ट्याला लागलं तेव्हा ससा ओरडला. ससा ओरडतो हे जगदेवला माहीतच नव्हतं. लहान लेकराचा वाटावा असा बारीक, लांब आवाज होता तो. वर्षाराणीचे हात सुटू पाहत होते. आबा म्हणाला, "झालं, झालं, अजून एकच," आणि तिनं पुन्हा धरलं.

बैलाला बिबा घातला की जगदेव त्याची मान आखूड बांधून ठेवायचा, जखमेला जीभ लागू नये म्हणून. हे तो इतरांना बजावून सांगायचा. सशाला बांधायला त्यानं सुतळी काढलीही होती. पण पोरगी म्हणाली, "नोका बांधू, आबा. तो भेऊन राह्यला." त्याला दया आली. एवढ्याशा जीवाला काय बांधायचं, म्हणून त्यानं सुतळी पुन्हा खुंटीला टांगली.

सोमवारी सकाळी पाय सुजून दुप्पट झाला होता. चट्ट्याभोवती पाण्यानं भरलेले फोड आले होते. गोलू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून ते एकसारखे चाटत होता. पुढ्यात टाकलेली मेथी तशीच होती.

"बिबा उतला, मामाजी," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती उंबऱ्यातून हलत नव्हती.

"उतल्याबिगर गुन येत नाही. बैलाचाही असाच उतते. उद्या पाय टाकते का नाही ते पाह्य."

"खाऊन नाही राह्यला काई."

"दुखन्यात कोन खाते?"

वर्षाराणी शाळेत गेली. जाताना तिनं पिंजऱ्यात बोट घालून सशाच्या कपाळाला लावलं आणि त्याला सांगितलं, उतल्याशिवाय गुण येत नाही. जगदेवनं ऐकलं. त्या दिवशी तो दुपारभर पिंजऱ्यापाशी बसून होता. संध्याकाळी त्यानं सशाचं तोंड पाहिलं. ओठ सुजले होते, खालच्या ओठाला फोड होता, हनुवटी लाळेनं भिजली होती. त्यानं खोबरेल तेल आणून सशाच्या तोंडाला आणि पायाला लावलं. तरी तोंडानं मात्र तो एवढंच म्हणाला, "सकायची पयली गाडी पकडू."

मंगळवारी तिघंही वाशीमला गेले. ससा शेवयांच्या खोक्यात होता. एसटीत कोणी कौतुकानं डोकावलं की वर्षाराणी खोक्यावर ओढणी ओढायची.

डॉक्टरीण तरुण होती, साधना तिचं नाव. जगदेवला वाटलं होतं ती ससा पाहून गोंधळेल. ती गोंधळली नाही. तिनं सशाला टॉवेलात गुंडाळलं, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग उजवा पाय उलटा करून पाहिला. दुखत नसलेला पाय ती कशाला पाहते आहे, हे जगदेवला कळेना. तिथेही केस झडलेले होते. तसाच लाल चट्टा, थोडा लहान.

"हा जाळीच्या पिंजऱ्यात असतो का? खालीही जाळी?"

"हो," ज्योत्स्ना म्हणाली.

"सशाच्या तळव्याला गादी नसते. कुत्र्या-मांजराला असते, याला नुसते केस. जाळीवर, ओल्यात बसून बसून केस जातात, मग कातडी सोलते. काटा वगैरे काही नव्हता. खाली वाळलं गवत जाड पसरलं असतं, पाय कोरडा ठेवला असता, नखं कापून मलम लावलं असतं, तर हळूहळू चालला असता." ती हे रागानं बोलत नव्हती. मग तिनं डाव्या टाचेवर बोट ठेवलं. "पण हे काळं काय आहे?"

जगदेवनं तोंड उघडलं. शब्द यायच्या आधीच नात बोलली.

"बिबा हाय. आबानं घातला. मीनं धरला होता."

डॉक्टरीण तिच्याकडे पाहत राहिली, मग म्हाताऱ्याकडे. पुढचं ती ज्योत्स्नाकडे पाहून बोलली. चाटल्यामुळे तेल पोटात गेलं होतं, तोंड आतून भाजलं होतं. सशाचं पोट एक दिवस रिकामं राहिलं तरी आतडी थांबतात, इथे दोन दिवस झाले होते. तिनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली पाणी चढवलं, पाय धुऊन मलम लावलं. सुई नसलेली सिरींज दिली आणि दर दोन तासांनी पातळ खाणं ओठाच्या कडेनं थेंबथेंब कसं सोडायचं ते दाखवलं.

"वाचीन ना?" जगदेवनं विचारलं.

"प्रयत्न करा," ती म्हणाली.

घरी येताच जगदेवनं पक्कड घेऊन पिंजऱ्याची खालची जाळी तोडली. हातांना जाळीची टोकं लागली, रक्त आलं. सोयाबीनचं कुटार, मळणीतला भुसा, आणून त्यानं वीतभर जाड गादी केली, वर जुनी गोधडी घातली. मग आत येऊन म्हणाला, "आन त्याले. बसायले चांगलं केलं हाय." वर्षाराणी भिंतीला टेकून बसली होती. ससा तिच्या मांडीवर होता. तिनं नुसतं "राहू द्या, आबा," म्हटलं आणि सिरींज भरून घेतली.

"दे, मी पाजतो थोडं."

"मी पाजते."

बुधवारी दुपारी ससा तिच्या मांडीवरच गेला. थोडा वेळ तिला ते कळलंच नाही, ती ओठाच्या कडेनं थेंब सोडत राहिली आणि ते बाहेर ओघळत राहिले. ज्योत्स्नानं तिच्या हातातून सिरींज काढून घेतली.

जगदेव वाट पाहत होता की पोरगी आता आपल्यावर ओरडेल. म्हणेल, तुमीच मारलं. असं म्हणाली असती तर त्यानं मान खाली घालून ऐकलं असतं, तिचे पायसुद्धा धरले असते. पण ती विचारलं तर उत्तर द्यायची, पाण्याचा तांब्या आणून द्यायची, जेवायला हाक मारायची. फक्त तांब्या ती त्याच्या हातात देत नव्हती, ओट्यावर ठेवून मागे सरायची. बैलांच्या गोष्टी थांबल्या. त्या सांगायला त्याची जीभच वळेना.

आठवड्यानं गावातला बबनराव आपला तांबडा बैल घेऊन अंगणात आला. बैल पुढच्या उजव्या पायानं लंगडत होता. बैल फाटकातून आत येतानाच जगदेवला ते दिसलं.

"वाशीमले ने, दवाखान्यात," तो म्हणाला.

"काहून गा? हात आखडला का तुझा?" बबनराव थट्टेनं म्हणाला. "एक दाभन लावाले कायचा दवाखाना?"

ओट्यावर अभ्यास करत बसलेली वर्षाराणी वही मिटून घरात गेली. तिनं आतून कडी लावली, तो आवाज जगदेवला ऐकू आला. बबनरावला काय सांगून वाटेला लावलं ते त्याला नंतर आठवेना.

तुरीची कापणी झाली होती. पुढच्या रविवारी ज्योत्स्ना तुराट्या गोळा करायला शेतात गेली, पोरगीही तिच्यासोबत गेली. चारच्या सुमारास जगदेव ओट्यावर बसला होता तेव्हा गल्लीच्या टोकाला वर्षाराणी दिसली. एकटीच पुढे आली होती, आई भारा घेऊन मागून येत असावी. लांबूनच त्याला कळलं. उजवी टाच जमिनीला लागत नव्हती. ती बोटांवर भार घेत होती आणि दर पावलाला कंबर डावीकडे झुकत होती. तुरीचं धसकट गेलं असणार, खोल, टाचेच्या आतल्या बाजूनं. त्याला हात लावायची गरज नव्हती.

मग तिनं मान वर केली आणि तिला ओट्यावर आबा दिसला.

उजवी टाच पूर्ण खाली टेकली. पुढचं पाऊल सरळ पडलं, त्याच्या पुढचंही. शाळेत कवायतीला चालतात तशी ती चालत आली. चपलेचा पट्टा रक्तानं काळा झाला होता. फाटकातून आत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पायाले काय झालं, माय?"

"काई नाही, आबा."

"धसकट लागलं का?"

"नाही."

दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ती उभी होती. तोंडाकडे पाहत नव्हती, त्याच्या हातांकडे पाहत होती. जगदेवला आपले हात कुठे लपवावेत ते समजेना. गावातल्या दीडशे बैलांनी या हातांत पाय दिले होते, आणि ही पोरगी रक्तानं भरलेल्या टाचेवर उभी राहत होती, पण तो पाय त्याला दिसू देत नव्हती. असं दुःख त्याला बायको गेली तेव्हाही झालं नव्हतं.

अंगण अजून अर्धं उरलं होतं, पुढे तीन पायऱ्या. तो इथे बसून राहिला तर ती त्या पायऱ्याही तशाच चढणार होती.

"मी मांगं गोठ्यात जातो," तो उठत म्हणाला. "तुही माय येऊन राह्यली. तिले दाखव पाय, थे नेईन तुले अनसिंगच्या दवाखान्यात. मी येत नाही संग."

तो घराला वळसा घालून रिकाम्या गोठ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अंगणातून काहीच आवाज येईना. तो खरंच गेला की नाही, याची ती खात्री करून घेत होती. मग जगदेव आणखी आत, पार गव्हाणीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून मोठ्यानं खोकला, आपण लांब आहोत हे तिला कळावं म्हणून. तेव्हा कुठे अंगणात एका पायावरच्या उड्यांचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग रडण्याचा.