पाठमोरा

कारखान्याच्या आगीत गेलेल्या कामगारांची चित्रं कारखान्यासमोरच्या लांबलचक भिंतीवर काढायची, हे ताईने मनावर घेतलं आणि रंग कालवायला धाकट्या बहिणीला हाताशी धरलं. घरोघरी जाऊन तिने फोटो मागून आणले. उन्हातान्हात परांचीवर उभं राहून एकेक चेहरा असा रंगवला, की येणारे-जाणारे थबकून बघत.

शेवटचा चेहरा एका तरुण कामगाराचा; तो पुरा झाला त्या सकाळी त्या मुलाची आई आली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच्यासमोर होती.

"हुबेहूब झालाय गं," ती म्हणाली, "पण तो असा माझ्याकडे बघत असला, की मला घास गिळवत नाही."

सगळ्यांत देखणं चित्र तेच होतं. ताईने मात्र जराही हुज्जत घातली नाही. पांढरा रंग फासून तिने तो चेहरा झाकला, खाली उतरली आणि आईशेजारी पायरीवर बसली.

"मावशी, मग कसा काढू?"

आईने आपल्या खिडकीकडे बोट दाखवलं. "पाठमोरा काढ. कामावर जाताना मी त्याला खिडकीतून बघायचे. एक खांदा पाडून चालायचा."

संध्याकाळपर्यंत तो भिंतीवर तसाच चालू लागला. आईने खिडकी उघडली, त्याला डोळे भरून पाहिलं आणि तिथेच उभ्याने भाजी चिरायला घेतली.

ताईच्या हातात जादू आहे, असं धाकटी सगळ्यांना सांगत असे. त्या दिवसापासून ती ताईच्या कानांचंही कौतुक करू लागली.