आठ आणि एकोणचाळीस दात्यांची जोडी

मित्रांनो, जुन्या मोटारीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटात मी पंचावन्न वर्षे राहिले. मी दोन दातेरी चाकांची जोडी आहे. लहान चाकाला आठ दाते, मोठ्याला एकोणचाळीस. इंजिनाचा दांडा लहान चाकाला फिरवतो, लहान चाक मोठ्याला फिरवते आणि गाडी पुढे जाते. दांड्याचे जवळजवळ पाच फेरे झाले की गाडीचे चाक एकदा फिरते. मेकॅनिक मला क्राऊन-पिनियन म्हणतात.

माझी दोन्ही चाके एकमेकांवर घासून जुळवली गेली आणि दोन्हींवर एकच नंबर कोरला गेला. आठ आणि एकोणचाळीस यांना एकाहून मोठा सामाईक भाजक नाही. म्हणून लहान चाकाचा प्रत्येक दाता मोठ्याच्या प्रत्येक दात्याला भेटून मगच पुन्हा पहिल्याकडे येतो. झीज सगळ्यांना सारखी वाटली जाते.

आमची मोटार जबलपूरच्या बापूसाहेबांची. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात दातेरी चाके तपासत. लाकडी दांडीचे एक टोक यंत्राला, दुसरे कानाला; आवाजावरून ते खोट सांगत. पाहुण्यांना गाडीत बसवले की म्हणत, "इंजिन तर कोणीही ऐकतो. तुम्ही मागचं ऐका." ती माझी स्तुती होती. दर दोन महिन्यांनी ते गाडीखाली शिरत, गोळ्याचे बूच काढत आणि करंगळी आत घालून तेल कुठवर आहे ते पाहत.

मग बापूसाहेब विसरू लागले. आधी नावे, मग घराचा रस्ता. करंगळी यायची थांबली. ती येत होती हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे थांबल्याचेही कळले नाही.

त्यांची मुलगी शैलजा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वडिलांना दर महिन्याला नागपूरच्या डॉक्टरांकडे न्यावे लागे. रेल्वेत ते प्रत्येक स्टेशनावर उतरायला उठत. भाड्याच्या गाडीत अनोळखी ड्रायव्हरला पाहून घाबरत. फक्त आपल्या मोटारीत शांत बसत. म्हणून जुने इंजिन थकले तेव्हा शैलजाने जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या अतुल मेकॅनिककडून मोठे, दमदार इंजिन बसवून घेतले.

इथेच चुकले. ताशी ऐंशीच्या वेगाला माझ्या दात्यांच्या हिशेबाने त्या इंजिनाला मिनिटाला सव्वातीन हजार फेरे घ्यावे लागत. ते गर्जत असे. नागपूरच्या वाटेवर सिवनीच्या अलीकडे बापूसाहेब त्या आवाजाला इतके घाबरले की त्यांनी चालत्या गाडीचे दार उघडले. शैलजाने एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने त्यांची कॉलर धरली. पुढच्या खेपेपासून ती दाराचा हँडल ओढणीने बांधून ठेवू लागली. डॉक्टर म्हणाले, आणणे जमत नसेल तर त्यांना अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या इथल्या संस्थेत ठेवावे लागेल. त्या दिवशी परतताना शैलजा गाडी चालवत रडत होती आणि वडील खिडकीबाहेर पाहत होते.

तिने कागद घेतला. अकरा आणि त्रेचाळीस दात्यांची जोडी घातली तर तोच ऐंशीचा वेग सव्वीसशे फेऱ्यांत मिळेल. अतुलने नकारार्थी मान हलवली. त्याच्या मते गाडी चढावर मान टाकणार होती. शैलजाने दाखवले की नव्या इंजिनाचा जोर जुन्याच्या सव्वापट आहे, आणि नव्या जोडीने तो एक पंचमांश घटला तरी चाकाला पूर्वीइतकाच पोचतो.

"दीदी, आप हिसाब लिखो," अतुल म्हणाला, "हम नट खोलते हैं."

जोडी मागवली. ती यायला दोन महिने लागणार होते.

त्या दोन महिन्यांत मी काय भोगले ते कसे सांगू? माझ्या गोळ्याचे सील फाटले होते आणि तेल थेंबाथेंबाने रस्त्यावर जात होते. वरून नव्या इंजिनाचा रेटा. दात्यावर दाता कोरडा घासत होता. मी तापले, किंचाळले. इंजिनाच्या गर्जनेत माझा आवाज कोणाला वेगळा ऐकू येईना. एकालाच आला.

"शैलू, मागे कोणी रडून राहिलं गं," बापूसाहेब म्हणाले. "गाडी थांबव."

"बाबा, मागे कोणी नाहीये."

"काहून ऐकत नाहीस? रडून राहिलं ना."

तिने गाडी थांबवली, मागची सीट दाखवली. गाडी थांबताच मीही गप्प झाले होते. शैलजा नेमकेपणाने सगळे वहीत टिपते. तिने तारीख घातली आणि लिहिले: रडण्याचा भास, वेग साठच्या वर असतानाच, गाडी थांबली की भासही थांबतो. वही डॉक्टरांना दाखवली. बापूसाहेबांच्या गोळ्या वाढल्या. माझी हाक ज्याने ऐकली, त्यालाच त्याचे औषध मिळाले.

नवी जोडी आली. अतुलने माझा गोळा उघडला आणि खाली भांडे धरले. अर्धी वाटीसुद्धा तेल पडले नाही. माझे दाते जळून निळे-काळे झाले होते, दोन दात्यांच्या कडा उडाल्या होत्या.

"दीदी, ये तो कब से सूखी पड़ी है. बहुत चिल्लाई होगी."

शैलजाने विचारले, कोणत्या वेगाला?

"साठ के ऊपर."

तिने पर्समधून वही काढली. ते पान वाचले आणि तिथल्याच एका टायरवर बसली. मग म्हणाली, "बाबा खरं सांगून राहिले होते."

शैलजाचे गणित अचूक निघाले. गाडी आता सव्वीसशे फेऱ्यांत ऐंशीने धावते, गर्जत नाही, चढावर थकत नाही. नागपूरच्या खेपा सुरू आहेत, संस्थेचा विषय निघत नाही. पण बापूसाहेबही शांत झाले आहेत. दाराला हात लावत नाहीत, मागे वळत नाहीत, समोरच्या काचेकडे पाहत राहतात. शैलजाने डॉक्टरांशी भांडून गोळ्या कमी करवल्या. थांबलेले बोलणे परत येईल की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत.

मला तिने पुसून, ग्रीस लावून घराच्या व्हरांड्यात ठेवले आहे. रोज संध्याकाळी ती वडिलांना गावातल्या अधारताल तळ्यापर्यंत फिरवून आणते, गाडी माझ्यासमोर उभी करते आणि इंजिन चालू ठेवून विचारते, "बाबा, वाटेत मागे काही ऐकू आलं का?" माझ्या जागेवरच्या त्या नव्या, निर्दोष जोडीने चालत्या गाडीत थोडी तरी कुरकुर करावी आणि त्यांनी तिची खोट काढावी, अशी प्रार्थना मी करते. आजही इंजिन किती तरी वेळ चालू होते.

मित्रांनो, यंत्राला तेल लागते. ते मागताना यंत्र जमेल तसे ओरडते. तुमच्या घरात ते तेल कोण पाहते ते ओळखा आणि कसे पाहायचे हे त्या माणसाला विचारून घ्या. आणि त्याने कधी म्हटले की मागे कोणी रडते आहे, तर गाडीखाली शिरून पाहा. तो बोलतो आहे तोवरच पाहा.