गळ्याचं माप

धाकट्या जावेचा झगा मी तिसऱ्यांदा कमरेत आत घेत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. आमचं दोघींचं शिवणकामाचं दुकान, मशिनी समोरासमोर. मी जेवण अर्ध्यावर आणलं तरी वजनाचा काटा ढिम्म, आणि ही बया माझ्या दुप्पट हादडून दिवसेंदिवस बारीक! डोळे टपोरे, गालावर लाली. गिऱ्हाइकं आली की आधी तिचं कौतुक, मग कापडाचं बोलणं. सासूबाई माझ्या पोटाकडे बघून सुस्कारा टाकायच्या. मी काय कुणाचं घोडं मारलं होतं?

तिला न्याहाळायचा मला चाळाच लागला. थंडीत आम्ही स्वेटर घालून बसायचो, तर हिला पंखा हवा. मी म्हणायचे, नखरे. सुई ओवताना तिचा हात थरथरायचा. मी म्हणायचे, कामाची टाळाटाळ. एकच गोष्ट खटकायची. कंबर आत घ्यायला सांगायची, पण गळा सैल व्हावा म्हणून तिथलं बटण मात्र दर वेळी पुढे सरकवून मागायची. स्तुतीनं मान फुगली असेल, दुसरं काय, असं म्हणून मी बटण सरकवून द्यायचे.

एका दुपारी कोटाचं कापड बेतताना तिच्या हातातून कात्री पडली. उचलायला वाकली ती तशीच कलंडली. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द फुटेना. मी ओरडून भाऊजींना बोलावलं. तिला गाडीत घालून आम्ही तडक दवाखाना गाठला.

मेंदूत गुठळी अडकली होती. वेळेत आणल्यामुळे ती विरघळवता आली. पण ब्लडप्रेशर नाही, साखर नाही, एवढ्या तरुण बाईला झटका यावाच का? हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते, गुठळी तिथूनच आली असावी. मूळ सापडलं नाही तर पुन्हा झटका येईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि विचारलं, अलीकडे हिच्यात काही बदल दिसला का? भाऊजी म्हणाले, छे, सगळं ठीक होतं. तिचा नवरा म्हणवतात, आणि हा उजेड!

मग माझं तोंड जे सुटलं! जेवण, वजन, घाम, हात, डोळे, काही म्हणता काही ठेवलं नाही. शेवटी गळ्याचं बटण सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिची मान चाचपली आणि रक्त तपासायला पाठवलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी सुजून बेफाम झाली होती, तिच्या जादा हार्मोननं हृदय बिथरलं होतं. ज्या रूपावर मी जळत होते, ते सगळं दुखणंच होतं.

खाटेवरून तिनं सगळं ऐकलं होतं. जीभ जड होती, तरी बोलली.

"ताई, तुम्ही माझ्याकडे एवढं बघत होता?"

"जळत होते मी तुझ्यावर," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ती वाकड्या ओठांनी हसली. डोळे भरले होते.

"मला वाटायचं, या घरात माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही."

तिचा लुळा पडलेला उजवा हात मी मांडीवर घेऊन बसले.

औषधं लागू पडली. परवा तोच झगा मी कमरेत उसवला. सुई तिनं उजव्या हातानं ओवून दिली, दोरा दोनदा चुकला, मग गेला. अंग भरलंय, गाल वर आलेत, आणि मेली तशीही माझ्यापेक्षा छानच दिसते. जळते मी अजून. पण बघायचं सोडलेलं नाही.