मुलेयांचा आवाज मी तोडत होतो

मी स्विच बोलतोय. दिवा लावायचा-विझवायचा तो नव्हे. मी रेडिओ केंद्राच्या कपाटात स्क्रूंनी घट्ट बसवलेली, चोवीस भोकांची लोखंडी पेटी आहे. एका केबलीतून आलेलं योग्य त्या दुसऱ्या केबलीतून बाहेर पाठवायचं, हे माझं काम. ते मला उत्तम जमतं. उगाच नम्रपणा कशाला?

कारखान्यात घडवतानाच माझ्या पोटात आठ रांगा घातल्या होत्या. कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला थांबवायचं, हे मला नेमून देता येतं. पण चोमा शहराच्या पुढच्या या केंद्रात ज्यांनी मला बसवलं, त्यांनी केबली खोचल्या, हिरवे दिवे लागलेले पाहिले आणि ते जेवायला निघून गेले. कुणी काही सांगितलंच नाही, म्हणून मी सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं. आधी आला तो आधी. मला तोच न्याय वाटायचा.

आमचा स्टुडिओ गावात आणि मनोरा टेकडीवर. स्टुडिओतला आवाज माझ्यातून टेकडीवर जातो आणि तिथून घरोघरच्या रेडिओवर. रोज दुपारी एक वाजता मुलेया निरोप वाचत. वयाचा मान राखून सगळे त्यांना 'बा मुलेया' म्हणत. कुणाचा बैल हरवला, कुणाला मूल झालं, कोण वारलं, दफन कधी आहे. एकतीस वर्षं ते हेच वाचत होते.

एका वर्षी त्यांचा आवाज रेडिओवर तुटायला लागला. नावं अर्धी यायची, मधले शब्द गळायचे.

"बा, जरा सावकाश वाचा ना," केंद्रप्रमुख हिमूंगा म्हणाले.

मुलेया सावकाश वाचू लागले, तरी आवाज तुटतच राहिला. "जीभ जड झालीय माझी," ते चहाच्या खोलीत सांगत. दवाखान्यात जाऊन त्यांनी एक दाढही काढून घेतली. फरक पडला नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी सिनाझोंगवेकडचा एक माणूस आला. आधल्या आठवड्यात त्याचा भाऊ वारला होता आणि निरोप मुलेयांनीच वाचला होता.

"तुम्ही दफनाचा वार सांगितला नाहीत, बा."

"सांगितला होता. गुरुवारी म्हणालो होतो मी."

"आम्हाला नुसतं 'वारी' ऐकू आलं. मी शनिवार धरला. पोचलो तेव्हा वरची माती सुकली होती."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मुलेयांना सोपं गेलं असतं. त्यांनी त्याचा हात बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला. मग ते हिमूंगांच्या दारात जाऊन उभे राहिले. "साहेब, आजचे निरोप वाचतो. सोमवारपासून दुसऱ्या कुणाला बसवा."

केंद्रातले कॉम्प्युटर सांभाळणारी लुयांडो हे ऐकत होती. एक वाजता ती मुलेयांसाठी पाणी घेऊन स्टुडिओत गेली. समोर ते अगदी स्वच्छ वाचत होते. ती चहाच्या खोलीत आली, तर तिथल्या रेडिओवर तोच आवाज तुटत होता. ती दोनदा आत-बाहेर करून आली आणि मग तिने माझं कपाट उघडलं.

"बा, तुमची जीभ ठणठणीत आहे," कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली. "दाढ फुकट गेली. चूक माझी आहे."

सकाळची सगळी रेकॉर्डिंग टेकडीवरच्या साठ्यात पाठवायची वेळ तिनेच त्या वर्षी एकची लावली होती. सगळे जेवायला जातात, तेव्हा कुणाची अडचण नको म्हणून. तो मोठा बोजा आला की मी मुलेयांच्या आवाजाचे बारीक तुकडे त्याच्यामागे उभे करी. रेकॉर्डिंगला उशीर झाला तर बिघडत नाही. आवाजाचा तुकडा उशिरा पोचला तर तो फेकूनच द्यावा लागतो. तिची चूक अर्धी, उरलेली माझी.

"मग रेकॉर्डिंग रात्री पाठव," हिमूंगा म्हणाले.

"रात्री वीज कुठे असते? आणि उद्या दुसरं काही आडवं येईल. रांगाच नीट लावते."

"मग माझा कॉम्प्युटरही पहिल्या रांगेत घाल."

"साहेब, तुमचं पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचलं, तर कुणाचं दफन चुकेल का?"

हिमूंगा आपल्या खोलीकडे वळले.

तिने मला आपला कॉम्प्युटर जोडला. आवाजाला पहिली रांग दिली, रेकॉर्डिंगला शेवटची. मग मुद्दाम रेकॉर्डिंग सोडलं आणि मुलेयांना तेच निरोप पुन्हा वाचायला बसवलं. आवाज तरीही तुटला. मुलेयांनी चष्मा काढला आणि ते उठायला लागले.

"बसा, बा. माझं संपलं नाहीये."

खरं तर स्टुडिओतलं यंत्र आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर 'तातडीचं' असा शिक्का पहिल्यापासून मारत होतं. पण त्यावर विश्वास ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तो पुसून टाकायचो, आणि मग पहिल्या रांगेत कुणाला घालायचं हे मलाच कळत नव्हतं. लुयांडोला ते सापडलं. फक्त स्टुडिओच्या केबलीवरचा शिक्का खरा मान, एवढंच तिने मला सांगितलं आणि वीज गेली तरी विसरू नये म्हणून ते माझ्यात कायमचं साठवून ठेवलं.

मुलेया पुन्हा वाचू लागले. रेकॉर्डिंगचा लोंढा माझ्या दाराशी तुंबला होता. मी तो अडवून धरला आणि त्यांचा एकेक तुकडा पुढे काढला. चहाच्या खोलीतल्या रेडिओवर 'सियाचिटेमा' हे लांबलचक नाव सबंध आलं.

"म्हणजे ही पेटी माझ्यासाठी धावते?" बाहेर येऊन त्यांनी विचारलं.

"नाही, बा. बाकीच्यांना थांबवते."

सोमवारी एक वाजता निरोपांच्या आधी मुलेयांनी त्या माणसाचं नाव घेतलं आणि सगळ्या जिल्ह्यासमोर त्याची माफी मागितली. दोष त्यांचा नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मागितली. त्यातलं एक अक्षरही मी मागे राहू दिलं नाही.

आता माझ्या पंख्यात धूळ साचलीय, दोन भोकं निकामी झालीत, पण कामात कसूर नाही. मला बदलायचं ठरलं तर खुशाल बदला. फक्त नव्या पेटीला पहिल्याच दिवशी सांगा, कुणाला थांबवलेलं चालेल आणि कुणाला नाही. आम्ही आपणहून विचारत नाही.